दुबे पेंटरचं खरं आडनाव

गोंदियात रेलटोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका राईस मिलच्या कंपाउंडला टेकून, टिनाचं छोटं शेड आहे. परवापरवापर्यंत त्यावर 'दुबे आर्ट्स' अशी पाटी होती. आज ती थोडी वेगळी आहे. का, ते मी शेवटी सांगेन, कारण मधलं सांगितल्याशिवाय ते कळणार नाही.

शेड श्यामलालचं. तो साठीला आला आहे. दुकानांच्या पाट्या रंगवणं हे त्याचं काम. फ्लेक्स आले तशा पाट्या कमी झाल्या. आता तो शाळांच्या भिंतींवर सुविचार लिहितो, धानाच्या ट्रकांच्या मागे मालकांच्या मुलांची नावं लिहितो आणि मोटारसायकलींच्या नंबर प्लेटा रंगवतो. त्याचं अक्षर सुरेख आहे. गोंदियात अर्ध्या पाट्या हिंदी आणि अर्ध्या मराठी. कुठल्या गिऱ्हाइकाला 'चावल' लिहून द्यायचं आणि कुठल्याला 'तांदूळ', हे त्याला न विचारता कळतं.

माझी त्याची ओळख पाटीमुळेच झाली. माझे यजमान वकील होते. त्यांची नावाची पाटी त्यानं केली होती. ते गेल्यावर पाटी मी काढली नाही. श्यामलाल दर दिवाळीच्या आधी येतो, अक्षरांवरून एकदा ब्रश फिरवतो, चहा पितो आणि जातो.

सारं गाव त्याला दुबेजी म्हणतं. त्याचं खरं आडनाव दुबोआ. फ्रेंच आहे. घराणं कॅथलिक, दर रविवारी चर्चमध्ये जाणारं. पण शाळेत पहिल्या दिवशी हजेरी घेणाऱ्या गुरुजींच्या जिभेवर 'दुबोआ' काही केल्या बसेना. "दुबे का रे?" त्यांनी विचारलं. पोरगं घाबरलं होतं, "हो" म्हणालं. गोंदियात दुबे पुष्कळ, त्यामुळे ते नाव लगेच चिकटलं. पुढे धंदा काढला तेव्हा त्यानं स्वतःच पाटीवर 'दुबे' लिहिलं. दुबोआ लिहिलं असतं तर गिऱ्हाईक दुकान शोधत राहिलं असतं, असं त्याचं म्हणणं.

याचे परिणाम मजेदार झाले. पितृपक्षात एका मिलमालकानं त्याला ब्राह्मण म्हणून जेवायला बोलावलं. श्यामलालनं सगळं समजावून सांगितलं. मालक म्हणाले, "दुबेजी, टालिए मत, खीर बनी है." तो जाऊन खीर खाऊन आला. त्याची बायको सुमित्राबाई अजून त्या खिरीवरून त्याला टोचते. ख्रिसमसला तेच मालक चर्चच्या दारात केक घ्यायला आले. तिथे श्यामलालला कोट घातलेला पाहून म्हणाले, "अरे, आप भी केक लेने आए?"

आडनाव फ्रेंच कसं, याची गोष्ट घरात होती. पणजोबा फ्रेंच इंजिनियर, इकडे रेल्वेचे रूळ टाकायला आले आणि इथलेच झाले. श्यामलालचे वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस, होते आणि ही गोष्ट ते फार रंगवून सांगत. श्यामलालही सांगायचा. त्याचा रंग पक्का काळा. सुमित्राबाई म्हणायची, "यांच्या फ्रान्समधे कोळशाच्या खाणी असतील." मी मात्र हसत नसे. आम्हा पोवारांच्या घराघरांतही आम्ही माळव्यातून आलो असं सांगतात. दुसऱ्याच्या लांबच्या पूर्वजाला आम्ही कोणत्या तोंडानं हसावं.

त्याच्या कामातली एक खोड इथेच सांगते. क्लासवाले, मूळव्याधवाले आपल्या पाट्या रस्त्याकडेच्या झाडांवर ठोकून घेतात. ठोकू नयेत, पण ठोकतात. श्यामलाल कडुनिंबाला खिळा मारायचा, बाभळीला मारायचा. आंब्याला कधीच नाही. आंबा असला की पिशवीतून सुतळी काढून पाटी बांधायची. एका क्लासवाल्याची पाटी अशी वाऱ्यानं उडून नालीत पडली, त्यानं बरंच ऐकवलं. मी विचारलं तेव्हा श्यामलाल म्हणाला, "आजा म्हणायचा, आंब्याला खिळा नाही. का ते त्यालाच माहीत." आजा म्हणजे आजोबा.

त्याची मुलगी संध्या. नर्सिंग करून ती देवरी तालुक्यात चिचगडला आरोग्य केंद्रात लागली. चिचगड म्हणजे चारी बाजूंनी जंगल. तिथे तिलक कोरेटी हा वनरक्षक आहे. साप चावलेल्या माणसांना हा मुलगा आपल्या गाडीवर घालून आणायचा आणि ती उपचाराला असायची. त्यातून ओळख झाली आणि दोघांनी लग्न करायचं ठरवलं. सुमित्राबाईला मुलगा आवडला. श्यामलाललाही आवडला. प्रश्न दुसरीकडे होता.

तिलकचे आईवडील तो लहान असतानाच गेले. त्याला वाढवलं आत्यानं, धनवंताबाईनं. ती गोंड समाजातली जुन्या वळणाची बाई आहे. चिचगडात तिच्या शब्दाला वजन आहे. तिलकनं संध्याला स्पष्टच सांगितलं होतं, "आत्या नाही म्हणाली तर मी कोर्टात जाऊन लग्न करणार नाही." संध्यानं त्याला नावं ठेवली नाहीत. जिनं त्याला वाढवलं ती मांडवात नसेल तर ते लग्न तिलाही नको होतं. म्हणजे सगळं धनवंताबाईच्या हो किंवा नाहीवर होतं.

त्या दोघींची पहिली भेट कशी झाली, ते संध्यानं मला हसत हसत सांगितलं होतं. तेव्हा अजून हसण्यासारखं होतं.

"दुबे म्हनजे बामनाची पोरगी का तू?" धनवंताबाईनं विचारलं.

"नाही. आम्ही ख्रिश्चन."

"मंग दुबे कायले?"

"दुबे नाही, दुबोआ. फ्रान्सचं आडनाव आहे."

धनवंताबाईनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मंग तू उन्हात लई राहिली दिसते."

तिलक हसला. आत्या हसली नाही. तिनं पुढचं विचारलं. "प्रार्थना कोनाची करते ते तुझं तू पाय. मले ते नाही पुसाचं. तुमचे देव किती?"

हे वाचकांना सांगायला हवं. गोंडांत प्रत्येक आडनाव कुठल्या ना कुठल्या देवांच्या गटात बसतं. कुणी चार देवांचे, कुणी पाच, कुणी सहा, कुणी सात. एका गटातली घरं एकमेकांची भाऊबंद. त्यांच्यात लग्न होत नाही. आडनावाला बहुधा एखादं झाड असतं, एखादा प्राणी असतो, आणि त्यावरून जाणती माणसं गट सांगतात. संध्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"मंग आडनावाचा अर्थ तरी सांग," धनवंताबाई म्हणाली. "कोनत्या झाडाचे तुम्ही?"

संध्यानं मोबाईल काढला. त्यात आडनाव टाकलं. मोबाईलनं जे सांगितलं ते तिनं भोळेपणानं मोठ्यानं वाचलं, "लाकडाचे."

धनवंताबाई उठली. "लाकूड म्हनजे तोडलेलं," ती म्हणाली. "झाड असतं तं गोष्ट येगळी होती. तोडलेल्याले मूळ कुठं राह्यते?" आणि सुपातलं मोहफूल पाखडायला आत निघून गेली. त्यानंतर तिनं लग्नाचा विषय काढू दिला नाही. तिलकनं काढला की ती ताटावरून उठायची.

श्यामलाल माझ्याकडे आला तो यानंतर. दुपारची वेळ होती, चैत्र सुरू झाला होता. दिवाळीची वेळ नसताना तो आला, तेव्हाच मी समजले की काम पाटीचं नाही.

"काकीजी, तुम्हाला फ्रेंच येतं ना?"

"येत होतं. शाळेपुरतं."

मी नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे तेव्हा काही सिस्टर फ्रान्सहून आलेल्या होत्या. सिस्टर क्लेमांस म्हणून एक होत्या, त्या आम्हा मोठ्या मुलींना हौसेनं फ्रेंच शिकवत. पुस्तक नसे. हाताला येईल ती वस्तू दाखवून शब्द सांगत.

"दुबोआचा अर्थ लाकूड का?" त्यानं विचारलं. तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. "एवढंच सांगा. लाकूडच असेल तर मी पोरीला सांगतो, बाई, विसर."

मी त्याला सांगितलं ते असं. नावाचे दोन तुकडे आहेत. 'द्यू' म्हणजे चा, किंवा तला. आणि 'ब्वा'. सिस्टर क्लेमांस आम्हाला स्वयंपाकघरात नेऊन चुलीजवळचं सरपण दाखवत आणि म्हणत, ब्वा. मग खिडकीशी नेऊन पलीकडच्या टेकडीवरचं रान दाखवत आणि म्हणत, हेही ब्वा. एकाच शब्दात तोडलेलं लाकूड आणि उभं रान. आम्हा मुलींना याचं फार नवल वाटायचं. आडनावात मात्र हा शब्द येतो तो उभ्या रानासाठी. रानाशेजारी राहणाऱ्याला गावकरी त्या नावानं ओळखायचे, आणि तेच पुढे आडनाव झालं. फ्रान्समध्ये हे आडनाव पुष्कळ लोकांचं आहे.

"म्हणजे रानातला," श्यामलाल म्हणाला.

"हो. आपल्याकडच्या बोलीत सांगायचं तर झाडीतला."

आमचा हा सगळा पूर्वेकडचा मुलूख झाडी म्हणून ओळखला जातो. मी शब्द सहज वापरला होता. पण श्यामलालनं चहाचा कप खाली ठेवला.

"आजा असंच म्हणायचा," तो म्हणाला.

"काय?"

"आम्ही विचारायचो, आपण कुठचे? तर म्हणायचा, झाडीतले. फादरनं झाडीतून आणलं आपल्याला. मला वाटायचं, त्यात काय एवढं, इथले सगळेच झाडीतले."

मग त्याला जे आठवलं ते तुकड्यातुकड्यानं बाहेर आलं. आजोबांचा बाप लहान असताना मोठा दुष्काळ पडला होता. जंगलाकडून एका फादरनं काही पोरं बैलगाडीत घालून मिशनमध्ये आणली. त्यात तो होता. फादरचा फोटो त्यांच्या घरात अजून आहे. नाव फादर मोरेल.

"ते फ्रेंच असतील का, काकीजी?"

"त्या काळी नागपूरकडचे पुष्कळ फादर फ्रेंच होते."

"मग फादर तर मोरेल. दुबोआ कोण?"

"कदाचित कुणीच नाही," मी म्हटलं. "हा माझा अंदाज आहे, श्यामलाल. पुरावा नाही. पोराला विचारलं असेल, तू कुठला? पोरगं म्हणालं असेल, झाडीतला. फादरनी ते आपल्या भाषेत लिहून घेतलं असेल."

"आणि इंजिनियर?"

"तो गोष्टीत कधी आला?"

श्यामलालनं विचार केला. "आजाच्या तोंडून मी ऐकला नाही कधी. बाबा सांगायचे. बाबा रेल्वे कॉलनीत राहायचे ना. तिथे प्रत्येकाचा कोणी ना कोणी साहेब होता. कोणाचा गार्ड, कोणाचा ड्रायव्हर. बाबांनी इंजिनियर घेतला." तो थोडा हसला. "साठ वर्षं फ्रेंच होतो, काकीजी. तुमचा चहा संपायच्या आधी नाही राहिलो."

त्याला वाईट वाटलं होतं. नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण जाताना म्हणाला, "हेच तिथे सांगावं लागेल. तुम्ही चला. अर्थ तुमच्या तोंडून ऐकला तर मोबाईलपेक्षा बरं वाटेल त्यांना."

मी म्हटलं, "अर्थ मी सांगेन. बाकीचं तू बोलायचं."

त्या दिवशीच्या डायरीत मी एवढंच लिहिलं आहे: श्यामलाल आला. आडनावाचा अर्थ सांगितला. चिचगडला जायचं ठरलं. ऊन कडक.

आम्ही एसटीनं देवरीला गेलो. तिथे तिलक जीप घेऊन उभा होता. श्यामलालच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पाटी होती. 'कोरेटी' असं त्यानं त्यावर लिहिलं होतं, अक्षरांना पिवळी किनार. निघताना सुमित्राबाई म्हणाली होती, "होकाराचा पत्ता नाही आणि पाटी घेऊन चालले." त्यावर तो म्हणाला, "पाटी परत आणता येते."

धनवंताबाईचं घर मातीचं, छुई मातीनं नुकतंच पोतारलेलं, पांढरंशुभ्र. अंगणात मोहफूल वाळत होतं, त्याचा वास दारापासून येत होता. कुंपणाजवळ आंब्याचं जुनं झाड, त्याला मातीचा पार. तिनं आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. संध्या ड्यूटीवरून आली होती, ती आत चुलीपाशी गेली. धनवंताबाई माझ्यासमोर जमिनीवर बसली. मी खाली सरकू लागले तर म्हणाली, "बसा वर. गुडघे तुमचे माह्यापरस जुने दिसतात."

मी तिला नावाचा अर्थ सांगितला. सरपण आणि टेकडी, दोन्ही सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"झाडीतला," ती म्हणाली. "हे लाकडाहून बरं हाय." मग श्यामलालकडे वळली. "पन झाडी मोठी हाय. वाघ बी झाडीतला, रानडुक्कर बी झाडीतलं. तुम्ही कोनते?"

श्यामलालनं हात गुडघ्यांवर ठेवले. "माहीत नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे सांगायचे, पणजोबा फ्रेंच साहेब. मी पण आयुष्यभर सांगितलं. पण साहेब-बिहेब कोणी नव्हता असं आता वाटतं. दुष्काळात फादरनं उचलून आणलेलं पोर होतं. कुठून आणलं, कोणाचं, कोणी विचारलं नाही. विचारलं असेल तर आम्हाला कोणी सांगितलं नाही. एवढंच आहे."

धनवंताबाईला हे आवडलं असावं, कारण तिनं त्याला पहिल्यांदा चहा पुढे केला. पण म्हणाली ते वेगळंच.

"खरं बोलले, बरं केलं. पन आता तं जास्तच कठीन झालं. फ्रान्सचे होते तेव्हा येगळे तरी होते. आता म्हनता झाडीतले. उद्या आमच्याच देवाचे निघाले तं? भाऊ-बहिनीचं लगन लावलं म्हनून लोक मले पुसतील. मी काय सांगू?"

तिलक दारात उभा होता. "आत्या, मंग फ्रान्सचेच राहू दे ना त्याईले."

"तू गप राय. तुले सोपं करून पाह्यजे फक्त."

आम्ही जेवलो. भात, वरण आणि माठाची भाजी. संध्यानं वाढलं, पण कोणाकडे पाहिलं नाही. देवरीहून परतीची बस गाठायची म्हणून आम्ही उठलो. श्यामलालनं पाटी काखेत घेतली.

"ते काय हाय?" धनवंताबाईनं विचारलं.

त्यानं कागद सोडून दाखवलं. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं.

"आनली हाय तं लावून जा," ती म्हणाली. "लगन होवो का न होवो, आडनाव आमचंच हाय."

श्यामलाल भिंतीकडे पाहू लागला तसं तिनं अडवलं. "भितीले नको, कालच पोतारली, पोपडा निघन. त्या आंब्याले ठोका. रस्त्यावरून दिसन." आणि आतून खिळे आणि हातोडी आणून त्याच्या हातात दिली.

श्यामलालनं खिळे आणि हातोडी पारावर ठेवली. पिशवीत हात घातला आणि सुतळीचा गुंडा काढला.

"खिळे हायत ना. सुतळी कायले?"

"आंब्याला आम्ही खिळा मारत नाही."

"काऊन?"

"आजा मारू देत नव्हता."

तो पाटीच्या भोकांतून सुतळी ओवत होता, त्याचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. माझं होतं. धनवंताबाई पारावर बसली.

"आंब्याचं सरपन जाळता घरी?"

"आता गॅस आहे. पूर्वी चुली होत्या तेव्हा आजा मोळीतून आंब्याची लाकडं वेगळी काढायचा. आई चिडायची."

"आन् नवा आंबा?"

"पहिला आंबा झाडाच्या बुडाशी ठेवायचा आजा. मग आम्हाला मिळायचा. आजा गेल्यावर बाबांनी तो मेरीमातेपुढे ठेवायला सुरू केला. आता सुमित्रा ठेवते."

"हे मले आधी कायले नाही सांगितलं?"

श्यामलालनं वर पाहिलं. "तुम्ही आडनाव विचारलं. आंब्याचं कोणी विचारलं नाही."

धनवंताबाईनं झाडाच्या खोडाला हात लावला. मग म्हणाली, "नवा आंबा तं आम्ही बी पुजल्याबिगर नाही खात. ते सगळेच करतात. पन खिळा नाही, सरपन नाही, असं पाळनारी घरं येगळी हायत. त्यांचे देव येगळे, आमचे येगळे. आमच्या पोरी त्यांच्यात गेल्या. त्यांच्या पोरी इथं आल्या. माही सख्खी काकी तशा घरची होती. ती आली आन् आमच्या बुढ्यानं आंब्याचं लाकूड घरात आननं सोडलं."

चुलीवर काहीतरी उतू गेल्याचा आवाज आला आणि संध्या काही ते पाहायला गेली नाही. ती दारातच उभी होती.

"सुतळी जरा कसून बांधा, इवाई," धनवंताबाई म्हणाली. "इथं हवा लई सुटते."

आमच्या भागात व्याह्याला इवाई म्हणतात. दुसरा होकार तिनं दिला नाही आणि कोणी मागितलाही नाही. श्यामलालची गाठ मात्र सुटली, त्याला ती पुन्हा बांधावी लागली.

मी वकिलाची बायको आहे. एका खिळ्यावरून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका पोराचं कूळ ठरवणं कोर्टात टिकलं नसतं, हे मला कळतं. पणजोबा फादरबरोबर आला तेव्हा एवढासा होता. त्याला नाव सांगता आलं नसेल, देव सांगता आले नसतील. पण आंब्याला काय करायचं नाही, ते त्याच्या आईनं तोवर शिकवलेलं असावं. निदान धनवंताबाईनं तसं मानलं, आणि तिचं मन निःशंक झालं. ते होणंच गरजेचं होतं.

लग्न वैशाखात झालं. गोंदियाला चर्चमध्ये, मग चिचगडला धनवंताबाईच्या अंगणात. चर्चमध्ये ती पहिल्या बाकावर बसली आणि सगळे उठले की उठली, बसले की बसली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "तुमच्या देवाले पूजा कमी आन् उठबस जास्त."

"माझा नव्हे तो," मी म्हटलं, "मी नुसती तिथे शिकले."

"मंग तुम्हाले फुकटची कसरत झाली."

तिनं श्यामलालला एक सल्लाही दिला. "दुबे नको, ते दुसरं बी जिभेवर येत नाही. सरळ झाडे लिवा ना. अर्थ तोच होते."

"झाडे लिहिलं तर लोक कुणबी समजतील," श्यामलाल म्हणाला.

"समजू द्या. बामन समजले तेव्हा काय बिघडलं? खीर भेटली ना."

सुमित्राबाईनं खिरीची गोष्ट तिथपर्यंत पोचवली होती तर.

पण आडनाव बदलायचं नाही असं श्यामलालनं ठरवलं होतं. उलट या वेळी ते नीट लिहायचं होतं. लग्नाच्या पत्रिकेसाठी त्यानं स्वतः मोठ्या अक्षरात 'दुबोआ' लिहून छापखान्यात दिलं. पत्रिका छापून आल्या तेव्हा सगळ्यांवर 'दुबे' होतं. छापखानेवाला म्हणाला, "दुबेजी, आपने अपना ही नाम गलत लिखा था. मैंने सुधार दिया."

श्यामलाल चिडला नाही. पत्रिका घरी आणल्या, बारीक ब्रश घेतला आणि सुमित्राबाईशी बोलत बोलत एकेक पत्रिका दुरुस्त केली. 'बे'च्या पुढे एक काना दिला की 'बो' होतो. त्यापुढे 'आ' लिहिला. माझ्याकडे आलेल्या पत्रिकेवर तो काना नीट पाहिला तरच ओळखू येतो, शाई जरा जास्त काळी आहे.

लग्नानंतर काही दिवसांनी मी रेलटोलीकडून रिक्षानं येत होते. शेडसमोर श्यामलाल शिडीवर चढला होता. मी रिक्षा थांबवली.

"काय करतोस?"

"पाटी दुरुस्त करतो."

'दुबे आर्ट्स'. त्यानं 'बे'च्या पुढे एक काना ओढला आणि खाली उतरला. दुबो आर्ट्स.

"आणि आ?" मी विचारलं.

त्यानं ब्रश पुसला. "तो आधीपासून आहे, काकीजी. आर्ट्सचा. मला दिसला नव्हता."